न खाण्याचे वार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तसं माझं मस्त चाललंय हं – मुलुंडला घर, चालत दहा मिनिटांवर ऑफिस, माणसं झकास. घरपोच मासळी पाठवणारी छोटी कंपनी आहे आमची, तिचं सॉफ्टवेअर मी लिहिते.

फोनवर ऑर्डर घ्यायच्या नंदाताई. वेसाव्याच्या कोळीण, आवाज खणखणीत – गिऱ्हाइकं मुद्दाम त्यांनाच मागायची. प्रत्येकाच्या नोंदीत नाव, पत्ता, फोन आणि एक जादा रकाना होता – न खाण्याचे वार. कुणाचा सोमवार, कुणाची संकष्टी. तो रकाना नंदाताईंनीच सुचवलेला.

एका आजोबांचं दर बुधवारी पापलेट लावलेलं. त्यांचा फोन नंबर बदलला, ताईंनी तेवढाच बदलून सेव्ह केला. आणि पुढच्याच बुधवारी, संकष्टीला, घरात मोदक वळत असताना दारात पापलेट! आजोबा जाम भडकले.

कसं झालं? माझ्यामुळे. नोंद बदलायचं कोड मी आदल्याच आठवड्यात नवीन लिहिलं होतं. स्क्रीनवरून नाव-पत्ता आणि बदललेलं तेवढंच यायचं – आणि जे आलं नाही, ते माझं कोड सरळ पुसून टाकायचं. पाठवलं नाही म्हणजे नको आहे, असं कुठे असतं?

मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं, "ताईंकडून चुकून पुसलं गेलं असेल." खोटं – कोड मी दहा मिनिटांपूर्वीच तपासलं होतं. घाबरले मी, बस.

आणि त्या काय म्हणाल्या? "असेल गं. माझाच हात लागला असेल." मालकांनी त्यांना फोनवरून उठवून पॅकिंगला बसवलं.

त्याच दुपारी मी दुरुस्ती केली – न आलेल्याला हात लावायचा नाही, मुद्दाम रिकामं पाठवलं तरच पुसायचं. कोडमधल्या बदलांच्या यादीत लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'. किरकोळ – लाज कशी नाही वाटली मला?

सहा वर्षं झाली. ताई आता सगळं पॅकिंग सांभाळतात, माझ्यासाठी आठवणीने सुकट बाजूला ठेवतात. फोनवर नवीन कुणी आली की तिला जवळ बसवून सांगतात, "नंबर बदललास ना, की वार परत टाकायचे. मी एकदा घोळ घातला होता." आणि त्या बायका परत टाकतात – दर वेळी, काही गरज नसताना. मी शेजारच्याच टेबलावर असते. गेल्या सोमवारी पुन्हा ऐकलं, आणि गप्प बसले.