रशीदचाचांच्या गोळ्या

नारपोलीसारख्या यंत्रमागांच्या वस्तीत दवाखाना काढला की डोक्याला ताप जमतोच. एक किस्सा विसरावा म्हटलं तर तो दुसऱ्याला ओढून आणतो. नव्वदच्या दशकातले लूममालक रशीदचाचा तर एकटेच पाच पेशंटच्या बरोबरीचे होते.

*

त्यांच्या पोटात दुर्बीण घालून मी गाठीचा तुकडा काढला आणि गाठीचा प्रकार ओळखणाऱ्या मार्करच्या तपासणीसाठी, टिकवायच्या औषधात बुडवून, बाटलीतून मुंबईला पाठवला. लॅबचा फोन आला, तुकडा सडलाय. बाटली नेणारा चाचांचा पुतण्या शांतपणे म्हणाला, "औषधाला लय वास येत होता, म्हणून नळाचं पाणी भरलं." चाचांना पुन्हा दुर्बीण गिळावी लागली. शिव्या मात्र मी खाल्ल्या.

*

दुसऱ्या तुकड्यावरून निदान पक्कं झालं. जठराचा लिम्फोमा, म्हणजे कॅन्सरच, पण सावकाश वाढणारा. सोबत एक जंतूही सापडला. तो मारला की अशी गाठ बऱ्याचदा आपोआप विरते, हे तेव्हा नवीनच कळलं होतं. मी दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिक गोळ्या लिहून दिल्या.

चाची चिठ्ठी उलटसुलट बघत म्हणाल्या, "कॅन्सरला गोळ्या? मग सर्दीला काय ऑपरेशन करता?"

*

ठाण्याचा माझा सर्जन मित्र त्यांच्याहून वरचढ. "गोळ्यांनी गाठ गेली तर मी हॉस्पिटलला टाळं लावून तुमच्याकडच्या राहनाळला गोदाम काढतो," म्हणाला. मला एवढा राग आला की मी त्याचा चहा अर्धा टाकून उठलो.

*

काही महिन्यांनी परत दुर्बीण घातली. गाठ जशीच्या तशी! काही गाठी गोळ्यांना दाद देत नाहीत, पण आधीच ते सांगेल असा मार्कर आमच्याकडे कुठला?

"गोळ्या संपवल्यात ना?" मी विचारलं.

"एक पण शिल्लक नाय, डॉक्टर."

सर्जन मित्राने जठर काढायची तारीख दिली. चाचांनी एवढंच विचारलं, "मग जेवण ठेवायचं कुठं?"

*

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चाचा ॲडमिट व्हायला गेलेच नाहीत. वैतागून मी त्यांच्या कारखान्यात गेलो. मला बघून एका कामगाराने लूम बंद केला.

"डॉक्टरसाब, सेठ ने आपकी गोली दी थी ना, पेट की जलन एकदम गई. और मिलेगी क्या?"

त्याच्यामागे आणखी तिघे येऊन उभे राहिले.

मी चाचांकडे वळलो.

"सगळ्यांचंच पोट जळतं, डॉक्टर," चाचा म्हणाले. "मी एकट्यानं कशा खाऊ?"