मामांनी न मारलेली बुडी

आमच्या चारठाण्याकडच्या गावांत कुणाची कळशी विहिरीत पडली की पहिलं बोलावणं आमच्या दारात यायचं. माझे सासरे, मुंजाजीमामा, तळापर्यंत बुडी मारायचे. माणूस पडलं तरी त्यांनाच बोलवायचे. बुडालेल्याला ते दोन्ही हातांवर घेऊन वर आणत आणि आईबापाच्या हवाली करत.

मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचा एक डोळा गेलेला होता आणि दुसऱ्यात मोतीबिंदू वाढत होता. घरात उंबऱ्याला ठेचकाळायचे, पाण्यात मात्र त्यांचं काही अडायचं नाही. "खाली डोळ्याचं काय काम? तिथं सगळा अंधारच. हाताला कळतंय," म्हणायचे. माणूस काय नुसता विहिरीतच राहतो? मी आणि सासूबाई हात धुऊन मागे लागलो, तेव्हा कुठे ते सेलूच्या नेत्रशिबिराला गेले. साल पंच्याऐंशी.

पट्टी निघाली, जाड भिंगाचा चष्मा मिळाला. घरी येऊन त्यांनी आधी माझ्या भाकरीकडे बघितलं. "सूनबाई, रोज अशीच करपवायलीस व्हय गं?" आम्ही पोट धरून हसलो. सासूबाईंचे केस पांढरे झालेत हेही त्यांना तेव्हाच कळलं. नुसते त्यांच्याकडे बघत बसायचे.

पण डॉक्टरांनी बजावलं होतं: वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, बुडी तर मुळीच नाही. टाके कच्चे होते. पाण्याचा दाब बसला तर डोळा कायमचा जाईल.

त्याच महिन्यात आमच्या गल्लीतल्या सरजाबाईची शेवंता पाणी शेंदताना विहिरीत पडली. चौदा वर्षांची पोर. गावातल्या पोरांनी बुड्या मारून बघितल्या, पण तळ कुणालाच गाठता येईना. संध्याकाळी चार माणसं आमच्या दारात आली. जीव वाचायची आशा संपली होती, आता फक्त तिला वर काढायचं होतं.

मामांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. सासूबाई दारात आडव्या झाल्या.

"एकच डोळा हाय. तो बी विहिरीत घालता का?"

"मी न्हाई गेलो तर ते बादली काढायचा गळ टाकतील गं."

"टाकू द्या."

मामा खाली बसले. सासूबाईंना मी दोष देत नाही. गावाचा मात्र मला अजून राग येतो. एवढ्या वर्षांत एकानेही त्यांच्याकडून तळाची बुडी शिकून घेतली नाही, आणि ऑपरेशन झालेल्या माणसाच्या दारात येऊन उभे!

शेवटी गावकऱ्यांनी बादली काढायचा तो तीन आकड्यांचा लोखंडी गळ टाकला. मामांना घरात बसवेना. माझ्या हातातला चष्मा लावून ते काठावर गेले, मीही मागोमाग गेले. गळ वर आला तो शेवंताच्या गालात रुतलेला. माणसांनी झटकन तिच्यावर धोतर टाकलं, तोंड बांधून टाकलं. सरजाबाईला तिचे पाय तेवढे धरू दिले.

तेराव्यानंतर सरजाबाई आमच्याकडे आली. मला वाटलं, भांडायला आली. भांडली असती तर बरं झालं असतं.

"दादा, मला कुणी तोंड दाखवलं न्हाई. तुमाला आता चांगलं दिसायलंय म्हणत्यात. कसं होतं वो माज्या लेकराचं तोंड?"

मामा म्हणाले, "चांगलं होतं बाई. निजल्यावानी."

"कुठं लागलं नव्हतं?"

"न्हाई. कुठंच न्हाई."

"तुमी बघितलं म्हंजे झालं," ती म्हणाली आणि डोळे पुसून उठली.

मामांचा डोळा शेवटपर्यंत छान राहिला. पण सरजाबाईचं विचारणं कधी थांबलं नाही. बाजारात, लग्नात, कुठेही भेटली की ती पुन्हा विचारायची, आणि मामा दर वेळी तिला तिच्या लेकीचं निजलेलं, कुठेच न लागलेलं तोंड सांगायचे.