तलावाला घातलेलं पीठ

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास आमच्या गावात सरकार आलं, दुष्काळ आला आणि तलावात मासे आले. दुष्काळ सगळ्यांचा, मासे ठेकेदाराचे. आमचे अप्पा किराणा दुकानदार, लिंगायत, गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा चालत नसे. माशांना त्यांचा कडाडून विरोध होता. पण एका सोमवारी पूजा उरकून ते तलावावर गेले, मूठभर पीठ टाकलं, मासे वर आले आणि अप्पा पाघळले.

श्रावण कोरडा गेला. पाणी आटत चाललं तसे मासे सकाळी काठाशी येऊन तोंडं उघडझाप करू लागले. अप्पा म्हणाले, “बघ, कसं मागायलेत. लई भुकेलेत.” मग बायका कणकेच्या गोळ्या घेऊन निघाल्या. मुक्या जीवांना घातलं की पाऊस येतो, असं सगळ्यांचं मत पडलं. जे गाव माशाला शिवत नव्हतं ते माशाला जेवू घालत होतं. ठेकेदार खूश होता, त्याची पेंड वाचत होती.

मी लातूरच्या नव्या प्रयोगशाळेत पाण्याच्या बाटल्या तपासायचो. सुट्टीला आलो तेव्हा तलाव हिरवागार झाला होता. मी म्हणालो, “अप्पा, मासे भुकेले नाहीत, गुदमरतायत. टाकलेलं पीठ आणि त्यांची घाण तळाशी कुजतेय, पाण्यातला प्राणवायू संपतोय. आपली विहीर याच पाण्यावर आहे.”

“पुण्यानं पानी नासतं व्हय?” अप्पांनी विचारलं. यावर माझ्याकडे शास्त्रीय उत्तर होतं, पण ते वडिलांना देण्यासारखं नव्हतं.  ते न दिल्याची मला अजून लाज वाटते.

आठवड्याने सगळे मासे उताणे तरंगले. ठेकेदार फिरकलाच नाही. विहीर वाचवायची तर मेलेले मासे काढायला हवे होते. धोतर खोचून सर्वांत आधी अप्पा उतरले. जन्मात माशाला न शिवलेला माणूस दुपारपर्यंत पाट्या भरत होता.

घरी येऊन ते उंबऱ्याबाहेरच थांबले, आंघोळ झाल्याशिवाय आत कसे येणार? माझ्या आईने, अव्वाने, विहिरीचं पाणी भरलेली घागर पुढे ठेवली. अप्पांनी ओंजळ नाकाशी नेली, तोच माशांचा वास आला आणि त्यांनी पाणी परत घागरीत सोडलं.

“टँकर कधी येनार हाय?” त्यांनी मला विचारलं.

“परवा.”

ते दोन दिवस ओट्यावरच बसून राहिले.