भागोजीनं ओढलेला दोर

भागोजी उतेकराला कापड्यात आणि आसपासच्या वाड्यांत ‘थांबा भागोजी’ म्हणतात, आणि हे नाव कुणी कौतुकानं ठेवलेलं नाही. लग्नाच्या मांडवात शिरताना हा गृहस्थ आधी चुलाणाचा धूर कुठं चाललाय ते बघणार आणि मग वारा जिकडून येतो त्या अंगाला जागा शोधणार. थंडीत शेकोटी पेटली की माणसं पुढं सरकतात, हा दोन पावलं मागं जातो. सवच्या गरम कुंडांवर गुडघे शेकायला गेला तरी काठावरची माती चिमटीत घेऊन आधी हवेत सोडून बघतो. “अहो, पाणी हाय ते, ॲसिड नाय,” असं त्याची बायको सोनाबाई चारचौघांत म्हणते. जित्याची खोड, ती मेल्याशिवाय थोडीच जाणार.

खोड लागली ती महाडच्या औद्योगिक वसाहतीत. एका रसायनांच्या कारखान्यात तो तरुणपणी हेल्पर म्हणून लागला. तिथं एकदा ॲसिडची लाईन फुटली. त्याच्या पाळीतला एक गडी जिवाची पर्वा न करता धावला, ज्या बाजूला वाफ जात होती नेमका त्याच बाजूनं, आणि त्यानं व्हॉल्व्ह बंद केला. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याच्या धाडसाचं कौतुक केलं, आणि नंतर बायको त्याचा हात धरून त्याला घरी घेऊन गेली, कारण त्याला दिसत नव्हतं. भागोजीनं एकच धडा घेतला. धावणाऱ्याला शाबासकी मिळते, डोळे मिळत नाहीत. पुढं तो कारखान्याच्या सेफ्टीच्या टोळीत गेला आणि तिथंच रुळला. कुठं गळती झाली, रस्त्यात टँकर आडवा झाला, की या टोळीला बोलावणं येतं. आधी वारा बघायचा, मग अंगात सूट, पाठीवर हवेची टाकी, आणि मग पाऊल. या क्रमात भागोजीनं कधी कुणाचं ऐकलं नाही, साहेबांचंही नाही.

त्याचा मेहुणा बाळ बरोब्बर उलट्या मातीचा. सोनाबाईचं माहेर कशेडी घाटाच्या पायथ्याला. गाडी दरीत गेली की तिथली माणसं आधी खाली उतरतात आणि पोलिसांना फोन मागाहून करतात, ही तिथली जुनी रीत. त्या उतरणाऱ्यांत बाळ पहिला. त्यानं वर काढलेल्या माणसांचे फोटो कुणी काढले नाहीत, पण शिमग्यात पालखी त्याच्या दारात जरा जास्त वेळ नाचते. त्याच्या टोळीचा एक नियम होता, आणि तो त्यानंच घातलेला. कमरेला दोर बांधून एकानं उतरायचं, दुसऱ्यानं वर दोर धरायचा. वरच्यानं ओढलं की खालच्यानं निमूट वर यायचं. का ते विचारायचं नाही. एकदा दरड कोसळत असताना खालचा गडी वाद घालत बसला आणि पाय गमावून आला, तेव्हापासून हा नियम.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी भागोजी सुट्टी काढून सोनाबाईला आणायला सासुरवाडीला गेला होता. चहा होतोय तोच बाळचा फोन वाजला. घाटात टँकर वळणावरून खाली गेला होता आणि ड्रायव्हर केबिनमध्ये अडकला होता. बाळ जीपकडे धावला. भागोजीही मागं चढला.

त्या दिवसांत सकाळी दऱ्या धुक्यानं भरलेल्या असतात. नसल्या तरच तिथली माणसं नवल करतात. खाली सगळं पांढरं दिसत होतं, त्यात टँकरचं एक चाक तेवढं वर आलेलं, आणि बाळच्या टोळीतल्या कुणीही दुसऱ्यांदा पाहिलं नाही. बाळनं कमरेला दोर बांधला आणि उतरलाही. भागोजी कठड्याच्या कडेनं चालत गेला. धुकं अंग टाकून पडतं. हे मात्र एकाच जागेवरून भपकारे मारत वर येत होतं, आणि जिथं टेकत होतं तिथलं गवत काळं पडत होतं. त्याच्या घशात काहीतरी टोचलं. मग धूर जरा सरला आणि त्याला टँकरच्या मागची पाटी दिसली. आत ओलियम होतं. गंधकाच्या ॲसिडचाच हा जहाल प्रकार. उघड्यावर आलं की नुसता धूर होतो, आणि तो धूर छातीत गेला की आतून जाळतो.

भागोजी वळला आणि वरच्या गड्याच्या हातून त्यानं दोर हिसकावून घेतला.

“धुकं नाय ते! बाळ, वर ये!”

“दाजी, सोडा!” खालून आवाज आला. “माणूस जिता हाय! दिसतोय मला!”

भागोजीनं दोर ओढला. बाळ धट्टाकट्टा गडी, मनात आणता तर गाठ सोडून पुढं गेला असता. पण नियम त्याचाच होता आणि चार माणसं बघत होती. तो वर आला. डोळ्यांतून धारा, खोकून खोकून वाकलेला. सरळ उभं राहता आलं तशी त्यानं पहिल्यांदा भागोजीची कॉलर धरली.

“ऐकू येतंय ना तुमाला?”

सगळ्यांनाच ऐकू येत होतं. घाटातली वाहतूक थांबली होती, त्यामुळे जास्तच. “कोण आहे का हो? पाणी द्या...”

“येतंय ऐकू,” भागोजी म्हणाला. “खाली कुणी जायचं नाय. गेलात तर तुमालाबी काढायला माणसं लागतील.”

त्यानं कारखान्यात फोन केला, माणसांना वारा जिकडून येत होता त्या वरच्या वळणावर नेलं आणि खालच्या वस्तीला घरं सोडायचा निरोप धाडला. शेजारच्या हॉटेलातून कुणी पाण्याचा पाइप ओढत आणला, त्याला त्यानं शिव्या घालून परत पाठवलं. ओलियमवर पाणी पडलं की तापलेल्या तेलात पडल्यासारखं उडतं. मग त्यानं लोकांच्या हातात फावडी दिली. ओघळ खालच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, उतरू नये म्हणून, धुरापासून लांब, कोरड्या मातीचा बांध घालायला लावला. बांधाची गरज होतीच. पण हाताला काम नसतं तर त्यातला एखादा खाली धावला असता, हेही त्याला कळत होतं. बाळनं फावडं घेतलं नाही. तो कठड्याशी बसून राहिला.

हाका आधी एकसारख्या आल्या. मग थांबून थांबून. मग आल्या नाहीत. भागोजी पाठ करून उभा होता आणि त्याला फार भीती वाटत होती. पण ती चेहऱ्यावर आणायची त्याला सवय नव्हती, म्हणून लोकांनी त्याला दगड म्हटलं.

कारखान्याची टोळी आली, दोघं टाक्या लावून उतरले, ड्रायव्हरला वर आणलं. कपडे कापून काढले, अंगावरचं उरलंसुरलं ॲसिड धुऊन जावं म्हणून पाण्याचा मोठा लोट धरला, महाडला नेलं, तिथून पुढं मुंबईला. हर्षद त्याचं नाव, कराडकडचा. दोन दिवसांनी तो गेला.

भागोजी मुंबईला जाऊन डॉक्टरांना भेटला. थोडं आधी काढला असता तर वाचला असता का, एवढंच त्याला विचारायचं होतं. “सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. त्याला हो किंवा नाही हवं होतं. हो म्हणाले असते तरी त्यानं ते सोसलं असतं.

बाळनं गावच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, की दाजींनी जिता माणूस मरू दिला. त्यानंतर त्यानं भागोजीशी बोलणं टाकलं. कापड्यात बहिणीकडे यायचा, तिच्याशी बोलायचा, भाकरी खायचा आणि जायचा. सोनाबाई दोघांच्या मधोमध बसून वाढायची आणि दोघांवरही चिडायची. भागोजीकडे पुरावा नव्हता. मेलेला माणूस सगळ्यांना दाखवता येतो. न मेलेला बाळ समोर बसून भाकरी खात होता, आणि तो कशातून वाचला हे दाखवायचं कुणाला? कारखान्यात साहेबांनी पाठ थोपटली. ती शाबासकी त्याला नको होती, मेहुण्याचा एक शब्द हवा होता.

शिमगा झाल्यावर हर्षदची बायको अक्षदा सासऱ्यांना घेऊन आली. जागा बघायची होती, तिथं नारळ वाढवायचा होता. पोलीस पाटलांनी बाळला बोलावलं. भागोजीला कुणी बोलावलं नव्हतं. सोनाबाईनंच त्याला चपला पुढं करून म्हटलं, “जा. तोंड लपवायसारखं काय केलंनीत?”

वळणावर गवत अजून उगवलेलं नव्हतं. सासऱ्यांनी नारळ फोडला. अक्षदा कठड्यावरून खाली बघत राहिली. मग तिनं विचारलं, “ते बोलत होते का?”

पाटील म्हणाले, “आता कशाला ते, ताई.”

“बोलत होते,” भागोजी म्हणाला. “हाका मारत होते. पाणी मागत होते. हा बाळ उतरला होता खाली. मी दोर ओढून त्याला वर घेतला.”

“का?”

भागोजीनं सांगितलं. धुराचं सांगितलं, टाकीशिवाय का जाता येत नाही ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“तुमच्या जागी मी असते तर यांना खाली जाऊ दिलं असतं,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

“बरोबर हाय तुमचं,” भागोजी म्हणाला. आणि त्याला ते खरोखरच बरोबर वाटत होतं.

“नाय, ताई,” बाळ एकदम बोलला. “मी अर्ध्यात गेलो होतो फक्त. तेवढ्यानं पुढचा आठवडाभर श्वास घेताना छातीत सुऱ्या फिरत होत्या. कुनाला बोललो नाय मी. बायकोलाबी नाय. आजून चढण चढलो की दम लागतो. दाजींनी ओढला नसता तर हाका मारणारे दोन झाले असते, बाकी काय झालं नसतं.”

अक्षदानं त्याच्याकडे नीट पाहून घेतलं.

“मुलं आहेत तुम्हाला?”

“दोन हायत.”

“मग बरं झालं,” ती म्हणाली आणि सासऱ्यांचा हात धरून गाडीकडे चालू लागली.

बाळ भागोजीच्या शेजारी येऊन उभा राहिला. इतके महिने भागोजी ज्या शब्दासाठी झुरला होता, तो शब्द त्याला मिळाला होता. तिच्यासमोर तो मिळायला नको होता, एवढंच त्याला वाटलं.