मनांग तिनायचं ‘या जेवायला’

मनांग तिनायच्या हाताला जेवढी चव होती, तेवढीच जिभेला धार. मनांग म्हणजे थोरली ताई; सगळं गाव तिला याच नावाने हाक मारायचं. फिलिपीन्समधल्या आमच्या सियारगाव बेटावर, किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत तिची खानावळ. एक लांब टेबल, त्यावर झाकलेली पातेली आणि मागे पदर नसला तरी पदर खोचल्यासारखी उभी असलेली तिनाय. गिऱ्हाइकाने एकेक झाकण उचलावं, वास घ्यावा आणि बोट दाखवावं. नारळाच्या दुधात शिजवलेला कच्चा फणस, गवती चहा घातलेला माशाचा रस्सा, मुगाची आमटी, आलं घालून माडीच्या शिरक्यात मुरवलेला कच्चा मासा. सगळी झाकणं उघडून कुणी तसंच निघालं, की ती ओरडायची, “वासानेच पोट भरलं असेल, तर निदान ढेकर तरी देऊन जा!”

गावाला जेवू घालणारी ही बाई स्वतः मात्र एकटी जेवायची. दुपारची गर्दी ओसरली, की मागच्या बाकावर आपलं ताट घेऊन बसायची. समोरचा बाक तिच्या नवऱ्याचा, दोमिंगचा. तो गेला तेव्हापासून त्या बाकावर रिकाम्या टोपल्या बसत होत्या. लेक गिनालिन सेबू शहरात नोकरीला. ती फोनवर दर वेळी तेच सांगायची, “आई, गावची जत्रा झाली की तुला न्यायला येते. इथे निदान कुणाबरोबर बसून जेवशील तरी.” मनातून तिनायची जायची तयारी झाली होती आणि त्याचं तिला फार वाईट वाटत होतं.

आता कुणी म्हणेल, गावात माणसं नव्हती का? होती की! जेवायला बसताना ती रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारायची, “या जेवायला!” पण आमच्या बेटावर ‘या जेवायला’ म्हणजे रामराम. त्याला उत्तरही ठरलेलं: “पोट भरलंय, मनांग!” पोटात कावळे ओरडत असले तरी हेच म्हणायचं. बोलावल्यावर खरंच येऊन बसला, तर तो हावरट. फळीवरून लाटांवर स्वार होणारे सर्फर आणि त्यांच्या फळ्या किनाऱ्यावर पोचवणारा इतोय रोज मोटारसायकलवरून जाताना पातेल्यांकडे बघत आवंढा गिळायचा आणि तोंडाने म्हणायचा, “पोट भरलंय!”

मग रासमुस आला. ताडमाड उंच, उन्हाने नाकाची सालं निघालेली, एस्टोनियाहून लाटांसाठी आलेला पोरगा. आमची भाषा त्याने चार दिवस घोकली होती, त्यामुळे त्याला शब्द कळायचे आणि रीत मुळीच कळायची नाही. पाण्यातून निघून, काखेत फळी धरून तो रस्त्याने चालला होता. तिनायने सवयीने हाक मारली, “ये रे जेवायला!”

“हो,” तो म्हणाला. फळी भिंतीला टेकवली, टोपल्या खाली ठेवल्या आणि दोमिंगच्या बाकावर बसला.

तिनायच्या हातातला घास हातातच राहिला. ताटात भात, एक सुका मासा आणि पूत-पूत. पूत-पूत म्हणजे मिठात आंबवलेली बारीक मासळी. तिचा वास असा, की गिऱ्हाइकांपुढे ती कधी ठेवायची नाही. पण बोलावणं परत घेता येत नाही. तिने माशाचे दोन तुकडे केले, भात वाढला.

तेवढ्यात इतोय रस्त्यावर थांबला. “मनांग, पूत-पूत देतेस त्याला? अगं, मरेल ना तो! माझं आजचं गिऱ्हाईक आहे ते!”

रासमुसने हाताने भात कालवला, मोठा घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, कान लाल झाले. सगळा रस्ता बघत होता.

“अजून आहे?” त्याने विचारलं.

तिनाय इतकी हसली, की तिला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी तो होडीवाल्यांकडून माशाचं भलंमोठं डोकं घेऊन हजर. तिसऱ्या दिवशी केळी. तिनाय नकळत तांदूळ जास्त धुवू लागली. गावात कुजबूज सुरू झाली. शेवटी इतोयला राहवलं नाही. गाडी थांबवून तो म्हणाला, “वा मनांग! आठवड्याच्या पाहुण्याला माशाचं डोकं, आणि आम्ही जन्मभर नुसता वास घ्यायचा!”

“तुला नाही बोलावत रोज?”

“बोलावतेस. पण...”

“मी दोघांनाही बोलावते. तो आला, तू आला नाहीस. यात माझी काय चूक रे?”

इतोयने गाडी बंद केली, चपला काढल्या आणि रासमुसला ढकलून बाकावर जागा केली.

“का रे, आज पोट भरलेलं नाही?” तिनायने विचारलं.

“बारा वर्षांचा उपाशी आहे, मनांग. वाढ.”

इतोय बसला म्हटल्यावर मासळीवाली नेनिंग बसली. नेनिंग बसली, तशी शेजारची म्हातारी आपली वाटी घेऊन आली. बाक पुरेना, तेव्हा टोपल्या उलट्या घालून माणसं त्यांवर बसली. गावाची अब्रू कुठेही गेली नाही. उलट पूत-पूतची बरणी मात्र महिना व्हायच्या आत खडखडीत झाली.

जत्रा झाली. लाटा मंदावल्या आणि रासमुसही निघाला. इतोयच्याच गाडीवरून गेला, पिशवीत पूत-पूतची नवी बाटली घेऊन. त्याच दुपारी गिनालिन बोटीने येणार होती. तिनायचं गाठोडं दाराशी बांधून तयार होतं.

तिने ताट वाढून घेतलं. एकच. रस्त्याने माणसं येत-जात होती, पण तिने तोंड उघडलं नाही. तिला भीती वाटत होती. माणसं त्या पोराच्या नवलाईने येत असतील, तर? हाक मारली आणि पुन्हा ‘पोट भरलंय’ आलं, तर मग इथे राहायचं तरी कशाला?

इतोय धक्क्यावरून परतला. गाडी उभी करून तो तसाच ताटकळला. मागे नेनिंग, तिच्या मागे वाटी घेतलेली म्हातारी.

“काय मनांग,” तो चिडून म्हणाला, “आज बोलावणार नाहीस? न बोलावता कसं यायचं माणसाने? आम्हाला काही रीतभात आहे की नाही?”

तिनायचे डोळे भरून आले. “मेल्यांनो, या जेवायला!” ती ओरडली, आणि ताटं काढायला धावली.

गिनालिन आली तेव्हा बाकावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. माशाच्या डोक्यावरून इतोय आणि म्हातारीचं भांडण जुंपलं होतं, आणि आई मध्ये बसून दोघांना शिव्या घालत होती. इतक्या आनंदात तिने आईला बाबांच्या माघारी पाहिलं नव्हतं. हातात आईचं तिकीट घेऊन ती दाराशीच उभी राहिली.

“आलीस? ये जेवायला!” तिनाय म्हणाली.

“पोट भरलंय, आई,” गिनालिन सवयीने बोलून गेली.

सगळा बाक खो खो हसला. तिनायने दाराशी असलेलं गाठोडं ओढून आणलं, बाकाच्या टोकाशी टेकवलं, वर थोपटून सपाट केलं.

“तसलं आता इथे कुणी म्हणत नाही,” ती म्हणाली. “बस.”

गिनालिन आईच्या गाठोड्यावर बसली. तिनायने माशाचं डोकं इतोयच्या ताटातून उचललं आणि लेकीच्या पानात वाढलं.