काळ्या भुकटीतली पावलं

मुंबईच्या एका प्रयोगशाळेत मी मायक्रोवेव्ह लहरी शोषून घेणारे पत्रे बनवतो. लहर पत्र्यावर पडली की परत फिरत नाही, आतच जिरते आणि तिची किंचित उष्णता होते. त्यासाठी भाताच्या तुसाचा कोळसा आणि फेराइट नावाची चुंबकीय भुकटी राळेत मिसळतो. कोळसाच जास्त झाला तर लहर वरच्यावर परत जाते. फेराइट जास्त झालं तर पत्रा उचलवत नाही. दोघांचा संसार जमवावा लागतो.

तूस आमच्या गावचं, कापड्याचं. वडील ते डब्यात कोंडून जाळत आणि कोळशाची पिशवी महाडहून एसटीनं पाठवत. हे कशासाठी, ते एकदा त्यांना समजावून सांगितलं होतं. ते म्हणाले, "आपल्याकडं आधीच रेंज नाय. त्यात तू ती खाणारी वस्तू काढलीस. शाब्बास."

ते गेले तेव्हा मी रजेवर घरीच होतो. त्यांनी केलेल्या शेवटच्या कोळशात आदल्या दिवशीच फेराइट मिसळून मी परात पडवीत ठेवली होती.

आमच्याकडे माणूस गेला त्या जागी राख किंवा पीठ पसरतात, दिवा लावतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी ज्याची पावलं उमटलेली दिसतील, त्याच्या जन्माला माणूस गेला असं धरतात. आईला तेवढंच जाणून घ्यायचं होतं. तोवर ती रडलीही नव्हती. आत्यानं राख म्हणून माझी परात घेतली. चाळायचीसुद्धा गरज पडली नाही, याचं तिला बरं वाटलं.

सकाळी टोपली उचलली. सगळे वाकले. काळ्यावर काळं. काकांनी मोबाईलची बॅटरी मारून पाहिली.

"तू शिकलेला हायस," आई मला म्हणाली. "काय दिसतंय, सांग."

मी म्हटलं, ही राख नाही, माझी भुकटी आहे. ठसा असला तरी दिसायचा नाही.

"म्हंजे पावलंपण खाल्लीन हिनं," काका म्हणाले.

आत्या भिंतीकडे बघू लागली. हे एकदाच करायचं असतं, दुसऱ्यांदा केलेलं धरत नाहीत, असा काकांनी निर्णय दिला.

"का नाय धरत?" आई म्हणाली. "एका हाकेला कधी आले होते ते?"

संध्याकाळी तिनं स्वतः तांदळाचं पीठ पसरलं. दुसऱ्या सकाळी टोपलीखालून मुंग्यांची रांग निघून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलेली होती.

"मुंग्या," आई म्हणाली.

"पण वहिनी, ह्यातली कुठली?" काकांनी विचारलं.

"सगळ्या. त्यांचं लक्ष कधी एका ठिकाणी होतं?"

आत्या केरसुणी घेऊन आली. आईनं ती तिच्या हातातून काढून घेतली आणि रांगेशेजारी रडायला बसली. दुपारपर्यंत आम्ही सगळे स्वयंपाकघरात मागच्या दारानं जात होतो.