दिवस निंगते तिकडं

कुणी वाट विचारली की तो आधी डोळे मिटायचा. मग उजवा हात छातीवरून सावकाश बाजूला न्यायचा आणि म्हणायचा, "दिवस निंगते तिकडं जा जी."

विचारणारा गडबडायचाच, कारण आम्ही जमिनीखाली दोन मजले खोल उभे असायचो. मुंबईतल्या काचेच्या इमारतींखालचं ते भुयारी मेट्रो स्टेशन. वर सगळी ऑफिसं, खाली सगळे दिवे. तिथे दिवस निघतही नाही आणि बुडतही नाही. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या माणसाला बी-टू नावाचं दार हवं असायचं आणि हा त्याला सूर्य दाखवायचा. तुम्ही असतात तर तुम्हीही हसला असतात. मी तर खूप हसले.

तो तिथला कंत्राटी सुरक्षारक्षक, मी तिकीट खिडकीतली. त्याची उभं राहायची जागा माझ्या काचेसमोरच होती. दारांना अक्षरं दिली आहेत, तीच सांगायची, असं साहेबांनी त्याला दोनदा बजावलं. त्यानं ती पाठही केली. तरी शेपूट सुटलं नाही. "बी-टू. मंजे दिवस बुडते तिकडचा जिना." एकदा एका मुलीनं वैतागून विचारलं, "अंकल, लेफ्ट की राइट?"

"ते तुमचं तोंड कोनीकडं आहे त्यावर आहे न बाई," तो म्हणाला.

मुलगी दिसेल त्या जिन्याकडे चालू लागली. मला मात्र त्याचं म्हणणं पटलं.

आमची ओळख झाली ती माझ्या पहिल्याच महिन्यात. मला तिथे काही गोड लागत नव्हतं. खोलीवर आम्ही तिघी, पण तिघींच्या पाळ्या वेगळ्या; दिवसचे दिवस मी कुणाशी धड बोलायची नाही. एका दुपारी डब्याच्या खोलीत डबा तसाच समोर ठेवून बसले होते. मागून आवाज आला, "काऊन व बाई, जेवली नाई का?"

'का'साठीचं ते आमच्याकडचं 'काऊन' ऐकलं आणि मला रडूच फुटलं. मी गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरची. गोंदियात आम्ही अर्धं हिंदी झाडतो, आणि खेड्यातल्या या बोलीला मी घरी असताना नाकं मुरडलेली. तो तिरोड्याजवळच्या एका गावचा निघाला. "मंग तू आपलीच होय," म्हणाला आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिला. त्या दिवसापासून तो माझा काकाजी झाला.

गावी त्याची बायको होती आणि एक गाय; लेक लग्न होऊन नागपूरला गेलेली. बायकोनं आयुष्यभर गळकी कौलं सोसली, तिला स्लॅबचं घर द्यायचं, एवढ्यासाठी तो आला होता. "स्लॅब पडला का मी चाललो," हे त्याचं दुसरं ठरलेलं वाक्य. तिलाही सोबत का आणलं नाही, असं मी विचारलं तर म्हणाला, "मंग गाय कोन पायल?"

डब्याच्या खोलीत तो खुर्ची एका कोऱ्या भिंतीकडे फिरवून जेवायचा. तिकडे, दिवस निघतो त्या अंगाला, त्याचं गाव. खाली फोन त्या खोलीतच लागायचा, बाकी कुठेच नाही. एक वाजता तो बायकोला फोन करायचा.

"जेवली? गायीनं खाल्लं? मंग काऊन बोलून नाई राहिली? हं. आता बोलून राहिली."

दिशा त्याला कशी कळते, हे त्यानं मला सांगितलं होतं. सकाळी खाली उतरण्याआधी तो जिन्याच्या तोंडाशी उभा राहून ऊन बघायचा आणि मग वळणं मोजत उतरायचा. धानाच्या रोवण्यात, म्हणजे भाताच्या लावणीत, दिवसभर मान चिखलाकडे असते, म्हणे, तेव्हा आपलं तोंड कुठे आहे ते ध्यानात ठेवायची सवय लागते.

एका सकाळी त्याला खालच्या प्लॅटफॉर्मवर लावलं होतं. एक वाजता तो खोलीत आला, आणि गावाहून सकाळपासून येऊन गेलेले फोन एकामागून एक दिसायला लागले. त्यानं बायकोला फोन लावला. उचलला शेजाऱ्यानं. बायकोनं पहाटे गोठ्यातच प्राण सोडला होता. तो उभ्याउभ्या ऐकत राहिला. मग डबा न उघडताच पिशवीत ठेवला आणि गावाकडे निघाला.

तेरवी करून परत आला तेव्हा तो मान खाली घालूनच जिना उतरला. पहिल्याच माणसानं वाट विचारली. त्यानं डोळे मिटले, हात छातीवर नेला, आणि हात तिथेच राहिला. तो माणूस कंटाळून निघून गेला. काकाजी माझ्या काचेशी आला.

"बाई, दिवस कोनीकडं निंगते व?"

दोन वर्षं मी त्या खिडकीत बसत होते आणि मला ते ठाऊक नव्हतं. डब्याच्या खोलीतली त्याची भिंत माहीत होती, पण तिथून खिडकीपर्यंत तीन वळणं होती. पण त्याचा चेहरा पाहून मला 'माहीत नाही' म्हणवेना. मी ठासून हात दाखवला. "तिकडं."

दुपारी जेवायला बसताना त्यानं खुर्ची बरोबर उलट्या भिंतीकडे फिरवली. मी दाखवलेली दिशा चुकीची होती. आत्ता सांगू, उद्या सांगू, करत मी गप्प बसले. रोज तो गावाकडे पाठ करून जेवत होता आणि मी माझा डबा चिवडत होते. मला माझीच लाज वाटायची.

महिन्याभरानं त्यानं नोकरी सोडली. जाताना काचेशी आला. मी म्हणून टाकलं, "काकाजी, मी तुम्हाले दिशा चुकीची सांगतली होती."

"मले मालूम होतं. दुसऱ्याच दिवशी वर ऊन पायलं न."

"मंग काऊन तसेच बसत राहिले?"

"तू येवढ्या मनानं दाखवली होती," तो म्हणाला. "अन् आता इकडं तोंड केलं काय, तिकडं केलं काय, कोन वाट पाहून राहिलं मायी?"

मग टोपी काढून त्यानं ती पिशवीत घातली आणि बी-टूच्या जिन्यानं वर गेला.

दिवाळीला घरी गेले तेव्हा धाकट्या भावाच्या गाडीवर बसून सकाळीच त्याच्या गावी गेले. कौलारू घर, आणि शेजारी नव्या घराचे चार कॉलम, सळया वर आलेल्या. स्लॅब नव्हता. दाराला कुलूप होतं. गोठाही रिकामा.

"लेकीकडं गेला नागपूरले," शेजारीण म्हणाली. "आता काई येत नाई म्हने."

मी ओट्यावर टेकले. भावानं विचारलं, "काय पाहून राहिली?"

ऊन सरळ माझ्या तोंडावर येत होतं. त्याच्या घराचं दार दिवस निघतो तिकडेच होतं. मला ते कुणाला न विचारता कळलं, आणि ज्याला सांगायचं होतं त्याच्या दाराला कुलूप होतं.